धुरळ्याचे सिनेमे आणि वर्षाची चटणी

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत माणसं बोलायच्या आधी शिंकतात. शाहूपुरीच्या मागच्या अंगाला चटणी कांडपाचं दुकान आहे. सकाळी त्याची लोखंडी मुसळं धाडधाड पडायला लागली की तिखट सगळ्या गल्लीभर फिरतं. रिक्षावाला शिंकतो, पत्ता विचारायला आलेला शिंकतो, पत्ता सांगणाराही शिंकतो. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर मिरच्या, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि जिरवायला लवंगी. बाहेरगावच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात नुसतं 'चटणी' म्हटलं की ती ही. कांदा, लसूण, खोबरं, मसाले घालून कुटलेली, बरणीत दाबून भरलेली, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरणारी. हा वास नाकात गेला की लोकांना भाकरी आठवते. मला घोडे आठवतात. घोडे, धुरळा, टोपीखालून बघणारे डोळे आणि वाऱ्यानं करकरणारं एखादं दार.

आता सांगूनच टाकते. इटालियन लोकांनी स्पेनच्या माळावर जाऊन अमेरिकेतल्या गोळीबाराचे जे सिनेमे काढले ते मी बघते, आवडीनं बघते आणि दुसऱ्यांनाही बघायला लावते. त्यांना स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात. नाव थट्टेनंच पडलं, इटालियन लोकांच्या शेवयांवरून. पन्नाशीच्या, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत खरेदी विभागात काम करणाऱ्या, दोन मुलांच्या आईनं हे बघावं का, असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. एकदा हौसेनं एका चित्रपट रसग्रहण शिबिराला गेले होते. प्रत्येकाला आवडता सिनेमा विचारत होते. माझं उत्तर ऐकून शिबिर चालवणारे गृहस्थ म्हणाले, "वा, वेगळंच." पाहुण्याच्या घरची भाजी आवडली नाही की आपण म्हणतो ना, तसं. मग म्हणाले, यातून प्रेक्षकाच्या हाती काय लागतं? मी म्हटलं, धुरळा लागतो. त्यांना तो विनोद वाटला.

नकली आहेत, असाही एक आरोप असतो. गोष्ट अमेरिकेची, माती स्पेनची, पैसा इटलीचा, नट चार मुलखांतले. जो तो आपापल्या भाषेत बोलणार आणि आवाज नंतर चिकटवणार. नकली आहेतच की. पण हे कोल्हापुराला कुणी सांगू नये. या गावानं एके काळी सिनेमांसाठी पुठ्ठ्याचे राजवाडे उभे केले आणि त्यांच्या पायऱ्यांवर बसून खरी आसवं गाळली. भिंत पुठ्ठ्याची असली म्हणून तिच्याआड रडणारा माणूस पुठ्ठ्याचा होत नाही.

मला हा नाद आप्पांनी लावला. आप्पा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींच्या तांब्याच्या तारा सोडवायच्या आणि नव्या गुंडाळायच्या, हा आठवडाभराचा उद्योग. रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमाचा खेळ लागायचा तिथं ते मला घेऊन जायचे. थेटरात बहुतेक मी एकटीच मुलगी असायची. आप्पा मला कडेच्या खुर्चीवर बसवायचे आणि सिनेमाभर एक अक्षर समजावून सांगायचे नाहीत. मी विचारलं, "हा चांगला की वाईट?" तर म्हणायचे, "बघ की." दादा, माझा मोठा भाऊ, एकदा आला आणि कंटाळून झोपला, त्यानंतर आला नाही. आई घरी रविवारचं मटण शिजवत असायची. आम्ही दारात आलो की म्हणायची, "आली दोघं धुरळा खाऊन. हात धुवा." आप्पा हसायचे, मीही हसायची. त्या हसण्यात आई नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आप्पा गेले ते एका शिवरात्रीच्या सुमारास. मी त्या उन्हाळ्याबद्दल लिहितेय. सुट्टी होती तेवढी टाकून मी कागलहून आईकडे येऊन राहिले होते. दिवसकार्य झालं तरी भेटायला येणाऱ्यांची रीघ तुटत नव्हती. आमच्याकडे भेटायला येणं हे मोठं कर्तव्य असतं आणि त्यात बोलणं हा त्याहून मोठा भाग. येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा. चांगला माणूस होता. देवमाणूस होता. आता तुम्हीच स्वतःला सांभाळायचं. आणि शेवटी, चहाचा कप खाली ठेवताना, "मग आता पुण्याला न्हवं?" कारण दादा पुण्याला. मुलगा असताना आई एकटी राहील, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी अर्ध्या तासावर राहते, पण मुलीला मोजायची पद्धत नाही. दादानं जाहीर केलं होतं की मेअखेर येतो, कुलूप लावू, आईला घेऊन जातो. आईला कुणी विचारलं नव्हतं. ती मान हलवायची. ती मान 'हो' म्हणून हलतेय की आलेल्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून, ते बघायला कुणी थांबायचं नाही.

एका दुपारी कुणीच आलं नाही. ऊन असं होतं की गल्लीतली कुत्रीही रिक्षाखाली शिरली होती. मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि आवाज बारीक करून माझ्यापुरता एक सिनेमा सुरू केला. आप्पा जाऊन इतके दिवस झाले होते आणि मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं, याहून दुसरं काही कारण नव्हतं. पडद्यावर एक माणूस घोड्यावरून आला. विहिरीपाशी थांबला. पाणी प्याला. तीन माणसं त्याच्याकडे बघत उभी. तो त्यांच्याकडे बघत उभा. आई भांडी पुसत दारात आली.

"ह्यो बोलत का न्हाय?"

"त्याला बोलायचं नाही, आई."

ती दारातच उभी राहिली. मग भांडं खाली ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. मी सवयीनं समजावून सांगायला लागले की हा कोण, ते तिघे कोण. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "सांगू नकोस. समजतंय मला. आधीच लई बोलून गेल्यात लोक." सिनेमा संपेपर्यंत ती हलली नाही. मधे एकदाच म्हणाली, "ह्यांचं तोंड येगळं हलतंय आणि आवाज येगळा येतोय बघ. भेटायला येणाऱ्या पावण्यांगत." आप्पा गेल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग ते रोजचंच झालं. दुपारची भांडी झाली की ती पदरानं हात पुसत यायची आणि म्हणायची, "लाव." तिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. ती डोळे बघायची. गोळी कोण आधी मारणार हे ती माझ्याआधी ओळखायची. एकदा उघडा, पिवळ्या गवताचा डोंगर दिसला तर म्हणाली, "हे तर पन्हाळ्याच्या पायथ्याचं दिसतंय, मे म्हयन्यातलं." आणि एकदा, शेवटची पाटी पडद्यावर असताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं चांगलं होतं, तर मला का न्हाय नेलं कधी?"

 आम्हाला वाटलंच नव्हतं. आप्पा वाईट नव्हते, मी लहान होते आणि आई मटण शिजवत होती. आईला असलं काय आवडायचं, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं, आणि तिचा एक अख्खा आनंद कितीतरी रविवार थेटराबाहेर उभा राहिला. मला फार लागलं ते. म्हणून आज कुणी मला विचारतं, 'नवख्या माणसाला यातलं काय दाखवावं', तेव्हा मी आधी एवढंच सांगते की माणूस बघून ठरवू नका. भजनी मंडळातल्या बाईला दाखवा. गणिताच्या मास्तरांना दाखवा. ज्याला 'तुला नाही आवडायचं' असं सगळे म्हणतात, त्याला तर आधी दाखवा.

आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात नावाजलेला सिनेमा पहिल्यांदा लावू नका. पहिल्याच दिवशी पाहुण्याला तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावायला सांगितली तर तो पुन्हा आपल्या दारात येईल का? आधी एक लहानसा घ्या. त्यात एक रस्ता, एक खानावळ आणि थोडकी माणसं असावीत. दुपारी बघा, उन्हाच्या वेळी, पंखा गरगरत असताना. एसीत बसून धुरळ्याचा सिनेमा बघणं मला तरी जमलेलं नाही. आणि शेजारी बसून बडबड करू नका. या सिनेमांत माणसं गप्प असतात ती दिग्दर्शकाला संवाद सुचले नाहीत म्हणून नव्हे. बंदूक काढायच्या आधी माणूस काय काय आठवतो, ते बघायला तो आपल्याला वेळ देत असतो. ज्यांना हे संथ वाटतं त्यांनी आपल्या घरातला एखादा महत्त्वाचा नकार आठवून पाहावा. तो द्यायला किती वेळ लागला होता?

तीन-चार पचले, की मग भुताचे. वेस्टर्न आणि भयपट यांची सोयरीक झालेले सिनेमे असतात आणि त्यांना तर दोन्हीकडचे लोक नाकं मुरडतात. गोळीबारवाले म्हणतात यात भूत कशाला, भूतवाले म्हणतात यात घोडे कशाला. मला ते जास्तच आवडतात. वेस्टर्नमध्ये माणूस मेला की त्याची गोष्ट संपते, भयपटात मेला की सुरू होते. या दोन्हींच्या मधला सिनेमा तुम्हाला विचारतो, की ज्याला तुम्ही पोचवून आलात तो खरोखर गेला का. पण साधे वेस्टर्न आधी बघितलेले असावेत. मोकळं माळरान ओळखीचं झाल्याशिवाय तिथं संध्याकाळी कुणीतरी उभं दिसलं तर काळजात धस्स होत नाही.

आईला असला सिनेमा दाखवावा की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळले. घरात नुकतं माणूस गेलेलं. शेवटी तिनंच पेनड्राइव्हमधल्या चित्रांवर बोट ठेवलं. "ह्यो कुठला, काळा?" मी लावला. ओसाड गाव, कडेला एक घर, घरात एकटी बाई. रोज दिवस मावळताना एक मेलेला घोडेस्वार येतो आणि आपल्याच घराच्या दाराबाहेर उभा राहतो. आतून बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. बाई कडी लावून, बंदूक मांडीवर घेऊन बसलेली. मी उशी पोटाशी धरली होती. आई पुढं सरकली आणि टीव्हीतल्या बाईला म्हणाली, "दार उघड की, बाई. लांबनं आलाय."

मी सिनेमा थांबवला. आई रडत होती. कार्याच्या दिवशी रडली नव्हती, दुकानाची किल्ली हातात घेताना रडली नव्हती, ती आता हुंदके देत होती. मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आला तर आधी विचारतो मी, टाकीचा वॉल कुठल्या अंगाला बंद होतोय. सांगून गेलं न्हाय माणूस." आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "लाव पुढं."

नेमकी त्याच वेळी काकू आली. काकू म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावाची बायको, आईची जाऊ, आमच्या भावकीची बिनपगारी न्यायाधीश. तिनं दारातून टीव्ही बघितला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अक्का, वर्ष व्हायचंय अजून. आणि घरात बंदुका वाजायल्यात व्हय? गल्ली काय म्हणंल?"

"गल्ली शिंकायलीया," आई म्हणाली. "तिला कुठं काय ऐकू येतंय."

काकूनं पिशवीतून एक लहानशी बरणी काढून ठेवली. त्यात चटणी होती. आमच्या भावकीत अशी रीत आहे की ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात त्या साली वर्षाची चटणी करायची नाही, पापड घालायचे नाहीत. भावकीनं आपापल्यातलं आणून द्यायचं. रीत मायेचीच आहे, दुःखातल्या बाईला मिरच्यांपुढं बसवू नये म्हणून. पण त्या दिवशी ती बरणी फारच लहान होती. काकू म्हणाली, "एवढी पुरंल न्हवं? आठ दिसांत जायचंयस की पुण्याला." आई त्या बरणीकडे बघत राहिली. तिनं बरणी उचलली, झाकण उघडलं, वास घेतला आणि परत ठेवली. "बरी झालीया," म्हणाली. काकू गेल्यावर बराच वेळ ती खिडकीशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. ती रिक्षातून उतरली तेव्हा रिक्षात तिच्यासाठी जागा कशी उरली असेल, हेच नवल होतं. सगळी पोतीच होती. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी. वर धणे, खोबरं, लसणाच्या माळा. मी म्हटलं, "आई, ही केवढी?"  तिनं गच्चीवर आपल्या तीन जुन्या साड्या अंथरल्या आणि मिरच्या पसरल्या. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून बायका बघत होत्या. सुतक संपलेलं पण वर्ष न संपलेलं घर, आणि गच्चीवर आडवं पसरलेलं ते लालभडक.  आई पदर खोचून देठं खुडत बसली.

दादा ठरल्याप्रमाणे आला. गाडी दारात लावून तो वर गच्चीवर आला तेव्हा आई खाली मांडी घालून बसलेली, पुढ्यात मिरच्यांची रास. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. ऊन डोक्यावर होतं. मला त्या क्षणी काय आठवलं असेल ते सांगायला नको.

"आई, हे काय करायलीयस?" दादा म्हणाला. पुण्याला राहून त्याची भाषा सुधारली आहे, पण चिडला की कोल्हापूर बाहेर येतं.

आईनं वर बघितलं. एक देठ खुडलं.

"आपलं ठरलंय न्हवं? मी रजा टाकून आलोय. रात्री-अपरात्री तुला काय झालं तर कोण हाय हितं? मला झोप लागत न्हाय तिकडं." तो खोटं बोलत नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं त्याच्या. "आणि ही चटणी कुणासाठी? किती दिवसांची हाय ही?"

आईनं हातातली मिरची खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. खालच्या कांडपाचा आवाज येत होता. मी मधे बोलणार होते, पण मला आप्पांचं 'बघ की' आठवलं आणि मी तोंड मिटलं. आई पापणी लववत नव्हती. आयुष्यभर मिरच्यांपुढं बसलेल्या बाईला त्यात काय. दादाच्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या, मग एक शिंक, मग दुसरी.

"वर्षाची," आई म्हणाली.

दादा मटकन गच्चीच्या कठड्यावर बसला. त्याला कळलं होतं. इथं वर्षाची चटणी करणारी बाई वर्षभर कुठं असणार आहे, हे आमच्या गावात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. रुमालानं तोंड पुसत तो म्हणाला, "आप्पा न्हाईत आणि ह्या घरात मला यायलाच नको वाटतंय गं, आई." मग तो खरोखर रडला. आईनं मिरचीचे हात मागे धरले आणि कोपरानं त्याचं डोकं जवळ ओढलं. "कुलूप लावलंस तर मग कुठं येशील?" ती म्हणाली. "मी हाय की हितं. येत जा." संध्याकाळी त्याला पश्चिमेला पन्हाळ्याची रेघ दाखवत तिनं विचारलं, "सिनेमा बघणार काय? धुरळ्याचा?" दादा बघायला बसला, आणि या खेपेला झोपला नाही.

त्यानंतर आईनं दर एप्रिलला वर्षाची चटणी केली आहे. दादा येतो, बरण्या भरून नेतो आणि तिकडं झोप लागत नाही असं आता क्वचितच म्हणतो. लोक म्हणायचे ते म्हणून झाले. आई एकटी राहते, टाकीचा वॉल कुठल्या अंगाला बंद होतो ते तिला कळलेलं आहे, आणि मला नवीन काही सापडलं की आधी ती बघते. भुताचा असेल तर जास्त खूश होते.

यंदा होळीनंतर काका गेले. परवा आई म्हणाली, "मला सुमनकडं सोड." सुमन म्हणजे काकू. आईनं पेनड्राइव्ह बटव्यात घातला होता. काकूच्या घरी भेटायला आलेली चार माणसं बसलेली, चहा झालेला, बोलणं चाललेलं. देवमाणूस होता. स्वतःला सांभाळा. मग आता बेंगळूरला न्हवं? कारण काकूचा मुलगा बेंगळूरला. काकू मान हलवत होती, अगदी तशीच. एवढी बडबडी काकू, आणि नुसती मान. आईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पावणं, चहा झाला न्हवं? मग या आता. तिला दमायला झालंय." माणसं उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

आईनं मला टीव्हीकडे बोट दाखवलं. कुठला लावायचा हे विचारायची गरज नव्हती. माणूस घोड्यावरून आला, विहिरीपाशी थांबला, पाणी प्याला. तिघं त्याच्याकडे बघत उभे.  काकू हळूच म्हणाली, "अक्का, ह्यो बोलत का न्हाय?"

"दमलाय," आई म्हणाली. "लई लोक बोलून गेल्यात त्याच्यापाशी."

काकूनं पदर तोंडाला लावला. आम्ही तिघी बघत राहिलो. बाहेर ऊन चढलं होतं, कुठल्या तरी गच्चीवरून मिरचीचा भपका आत आला आणि काकूला शिंक आली. आईनं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "मिरच्या आणल्यास का यंदाच्या?"

"ह्या साली कुठं करत्यात आपल्यात," काकू म्हणाली. "आणि पोरगा न्यायला येणार हाय..."

 आईनं मान वळवून काकूकडे बघितलं आणि बघतच राहिली. काकूनं पडद्याकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या फळीवरच्या रिकाम्या बरण्यांकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. विहिरीपाशी अजून कुणीच हललं नव्हतं.

"ब्याडगी कशी आलीया गं यंदा, अक्का?" काकूनं विचारलं.